मानसशास्त्र विभागाचं ऑनलाइन साहित्य कसं उभं करावं आणि टिकवावं: ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांसाठी

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यातल्या अनेक कॉलेजांत मानसशास्त्राचा विभाग म्हणजे तीन-चार माणसं. त्यातलं एखादं पूर्णवेळ, बाकीची तासिका तत्त्वावर. साहित्याची टंचाई अशा विभागातही नसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शंभरेक पीडीएफ पडलेल्या असतात, कुणाच्या तरी ड्राइव्हवर स्लाइड्स असतात, यूट्यूबच्या लिंका असतात. नसतं ते एवढंच: कुठली फाइल कुणी सांभाळायची, ती कितव्या आठवड्यात वाचायची आणि वाचून करायचं काय, याचं उत्तर. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये सॉफ्टवेअरच्या आधी माणसं येतात.

आधी मालकी

विभागाच्या नावाने संस्थेच्या डोमेनवर एक ईमेल खातं मागून घ्या. एखाद्या सर-मॅडमच्या खासगी जीमेलवर काही ठेवू नका. तासिका तत्त्वावरची नेमणूक वर्षाअखेर संपते. माणूस दुसऱ्या कॉलेजात जातो, खातं त्याच्यासोबत जातं, आणि जूनमध्ये सगळ्या लिंकांवर ‘परवानगी नाही’ अशी पाटी येते. यात दोष त्या शिक्षकाचा नसतो, व्यवस्थेचा असतो.

कॉलेजकडे गूगल वर्कस्पेसची शैक्षणिक आवृत्ती असेल तर ‘शेअर्ड ड्राइव्ह’ उघडून घ्या. तिथल्या फाइलची मालकी संस्थेकडे राहते, टाकणाऱ्याचं खातं बंद झालं तरी फाइल जात नाही. साध्या ‘माय ड्राइव्ह’मधलं फोल्डर सगळ्यांना शेअर केलं म्हणजे तेच झालं असं समजू नका, त्यात मालक एकटाच असतो. शेअर्ड ड्राइव्हला व्यवस्थापक दोन ठेवा: विभागप्रमुख आणि ग्रंथपाल. ग्रंथपालांना यात सुरुवातीपासून घ्यायचं आणखी एक कारण पुढे येईल.

वर्गासाठी गूगल क्लासरूम की मूडल (कॉलेजने स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मोफत वर्ग-सॉफ्टवेअर), यावर विभागाच्या बैठका फार लांबतात. कॉलेजात मूडलचा सर्व्हर असेल आणि तो बघणारा माणूस असेल तरच मूडल. माणूस नसेल तर क्लासरूम. मूडलमध्ये प्रश्नपेढी, गटवार मुदत, एचफाइव्हपी या साधनाने केलेले छोटे परस्परसंवादी सराव अशा सोयी बऱ्याच जास्त आहेत, पण सर्व्हर परीक्षेच्या आठवड्यात बसला तर त्या कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत. क्लासरूममध्ये वर्ग उघडताना संस्थेच्याच खात्यावरून उघडा आणि दुसऱ्या शिक्षकाला सहशिक्षक म्हणून त्याच दिवशी जोडा.

शिक्षकांचं पान

हे एक पान नीट केलं की विद्यार्थ्यांचे निम्मे फोन कमी होतात. प्रत्येक शिक्षकामागे पाच गोष्टी लिहा: नाव, या सत्रात शिकवत असलेले पेपर, विभागात भेटण्याचे दोन ठरावीक तास, संस्थेचा ईमेल आणि कुठल्या कामासाठी या व्यक्तीकडे यायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची. ‘संख्याशास्त्र आणि जॅस्प सॉफ्टवेअर’, ‘प्रयोगाच्या वह्या’, ‘स्वयमचे क्रेडिट’, ‘क्षेत्रभेटीची पत्रं’ असं थेट लिहा. पदव्या आणि शोधनिबंधांची यादी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलमध्ये शोभते. एफवायच्या मुलीला हवं असतं ते प्रयोगाची वही कुणाला दाखवायची हे.

खासगी मोबाइल नंबर पानावर टाकू नका. भेटीची वेळ लिहिताना गाड्यांचा विचार करा. बदलापूर-शहापूरकडची किंवा उरणची मुलं शेवटचा तास संपल्यावर थांबत नाहीत, पुढची गाडी पकडतात. मधल्या सुट्टीच्या आधीचा अर्धा तास दुपारच्या तीनपेक्षा जास्त चालतो.

आठवड्याचं पान

सत्राचे सुमारे पंधरा आठवडे धरा आणि प्रत्येक पेपरला आठवड्यागणिक एक पान करा. एका पानावर एक सक्तीचं वाचन, एक ऐच्छिक, एक छोटं काम, बस्स. सक्तीचं वाचन १५ पानांपुढे जाऊ देऊ नका. ‘संदर्भासाठी’ म्हणून दहा लिंका दिल्या की बहुतेक वेळा एकही उघडली जात नाही.

फाइलच्या आकाराकडे लक्ष द्या, कारण निम्मं वाचन लोकलमध्ये उभ्याने, रोजच्या डेटाच्या मर्यादेत होतं. हिशेब असा: दहा मिनिटांचा स्लाइडवाला व्हिडिओ एक एमबीपीएसने साठवला तर ७५ एमबी होतो, ४०० केबीपीएसने ३० एमबी. त्याच दहा मिनिटांचा आवाज एका वाहिनीत, ६४ केबीपीएसने, पाच एमबीच्या आत बसतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत नुसत्या आवाजाची फाइलही ठेवा. ठाणे-पनवेल गाडीत ऐकायला तीच वापरली जाते. पडद्याचं आणि आवाजाचं मुद्रण ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरने फुकट होतं. कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका, कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. वर्गातल्या पंख्याची घरघर आली तर कितीही चांगलं चित्र बघवत नाही.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, पेपर-आठवडा-विषय या क्रमाने द्या. देवनागरी नावाच्या फाइली झिप करून पाठवल्या की काही संगणकांवर नावाच्या जागी चौकोन दिसतात.

फुकट आणि अधिकृत साहित्य कुठून घ्यायचं

पदव्युत्तर वर्गासाठी यूजीसीच्या ई-पीजी पाठशालेत मानसशास्त्राचे पेपर आहेत. घटकवार मजकूर आणि व्हिडिओ दोन्ही मिळतात. मजकूर उतरवून घ्या, व्हिडिओ निवडूनच द्या, काही फारच संथ आहेत. इग्नूच्या ई-ज्ञानकोशातलं एमएचं साहित्य स्वतः वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेलं असल्याने टीवायच्या मुलांनाही झेपतं. एमपीसी-००५ संशोधन पद्धती आणि एमपीसी-००६ संख्याशास्त्र हे दोन भाग प्रकल्पाच्या सत्रात हाताशी ठेवा.

पहिल्या वर्षाला ओपनस्टॅक्सचं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक, दुसरी आवृत्ती, २०२०. त्याचा परवाना श्रेय देऊन वापरण्याचा आहे, म्हणजे त्यातला भाग मराठीत आणून, उदाहरणं बदलून विद्यार्थ्यांना देता येतो. मूळ नाव आणि परवाना तेवढा नमूद करावा लागतो. नोबा या प्रकल्पाचे सुटे धडेही छान आहेत, पण त्यांचा परवाना बिगर-व्यावसायिक आणि ‘त्याच अटींवर पुढे द्या’ असा आहे. त्यांचं भाषांतर जाहिराती चालणाऱ्या यूट्यूब चॅनेलवर टाकणं अडचणीचं ठरू शकतं. या पुस्तकांतली उदाहरणं अमेरिकी आहेत. तिथल्या कॉलेज वसतिगृहाच्या जागी दिवा स्टेशनवरची गर्दी किंवा एमआयडीसीतली कामाची पाळी घातली की समाजमानसशास्त्राचा तास वेगळाच रंगतो.

शोधनिबंधांसाठी ग्रंथपालांना विचारा, कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी सेवा) सदस्य आहे का. इन्फ्लिबनेटची ही सोय बऱ्याच कॉलेजांनी घेतलेली असते आणि पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नसतो. प्रत्येक शिक्षकाचं आणि विद्यार्थ्याचं खातं कॉलेजचा प्रशासक उघडून देतो. ही यादी ऑगस्टआधी पाठवली नाही तर प्रकल्पाच्या घाईत खाती मिळत नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांना उपलब्ध आहेत. आपलं कॉलेज त्या यादीत बसतं की नाही हे ग्रंथपालांकडूनच तपासून घ्या, अंदाजाने विद्यार्थ्यांना सांगू नका.

आता अवघड गोष्ट: विकत घेतलेल्या पाठ्यपुस्तकाचं स्कॅन. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात प्रती काढायला शिक्षक-विद्यार्थ्यांना मुभा देतं, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेचा अर्थ बराच व्यापक लावला. पण ती मुभा शिकवण्यापुरती आहे. बंद वर्गात एक प्रकरण देणं वेगळं आणि ‘लिंक असलेला कोणीही’ उघडू शकेल अशा फोल्डरमध्ये अख्खं पुस्तक टाकणं वेगळं. फोल्डरची परवानगी संस्थेच्या खात्यांपुरती ठेवा, आणि प्रकरणाच्या पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष लिहा.

मराठी मजकूर: स्कॅन करून भागत नाही

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी जुन्या नोट्स, जुनी टिपणं असतात. यातल्या दोन अडचणी नेहमीच्या. जुन्या टंकलेखनात श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फाँट असतात. पडद्यावर अक्षर मराठी दिसतं, पण आत युनिकोड नसतं. परिणाम: शोध लागत नाही, फाँट नसलेल्या फोनवर गचाळ खुणा दिसतात, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर काहीच्या बाही वाचतो. अशी मूळ फाइल मिळत असेल तर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार, ‘र्‍य’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच राहतात.

दुसरी अडचण नुसत्या छायाचित्राच्या पीडीएफची. रंगीत, ३०० डीपीआयला केलेलं वीस पानांचं स्कॅन सहज २०-३० एमबी होतं आणि त्यातलं एक अक्षरही शोधता येत नाही. ३०० डीपीआयला करड्या छटेत स्कॅन करा, पान सरळ ठेवा, मग फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणा. मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. गूगलच्याच सूचनेप्रमाणे फाइल दोन एमबीच्या आत असावी, म्हणून तीन-तीन पानांचे तुकडे करा. मोठं काम असेल तर टेसेरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं मुक्त सॉफ्टवेअर मराठी भाषेच्या संचासह बसवून घ्या. ओळखलेला मजकूर तपासायचं काम टीवायच्या दोन-तीन मुलांना क्रेडिटसाठी देता येतं. तीन पानांना साधारण एक तास धरा. दृष्टिहीन विद्यार्थी वर्गात असेल तर हे ऐच्छिक राहत नाही, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ती संस्थेची जबाबदारी आहे. छापील वाचता न येणाऱ्यांसाठी सुगम्य पुस्तकालयाचं सदस्यत्वही त्याला काढून द्या.

प्रात्यक्षिकं: इथे खरा वेळ द्या

मानसशास्त्राचं ऑनलाइन साहित्य इतर विषयांपेक्षा वेगळं पडतं ते इथे. पितळी-लाकडी उपकरणं कपाटात गंजलेली असली तरी अभिक्रिया काळावरचे (काही दिसल्यापासून उत्तर देईपर्यंतच्या वेळेवरचे) प्रयोग ब्राउझरमध्ये होतात. सायटूलकिट हे मोफत साधन त्यासाठी पुरेसं आहे. सायकोपाय जास्त ताकदीचं आहे, पण ते ऑनलाइन चालवायला पाव्हलोव्हिया या सेवेचे पैसे पडतात. एका संगणकावर चालवलं तर फुकट.

नमुन्यासाठी स्ट्रूपचा प्रयोग घेऊ: रंगाचं नाव वेगळ्याच रंगात लिहिलेलं असतं आणि शब्द न वाचता तो कुठल्या रंगात लिहिलाय ते सांगायचं. मूळ निबंध १९३५ चा. सायटूलकिटच्या संग्रहात तो तयार आहे, पण इंग्रजी शब्दांचा. शब्द न वाचता रंग सांगणं जड जातं ते वाचन आपोआप होतं म्हणून. ज्याचं इंग्रजी वाचन अडखळतं त्याच्या बाबतीत परिणाम कमी दिसू शकतो आणि मुलगा समजतो की प्रयोगच चुकला. मराठी आवृत्ती अशी करा:

१. शिक्षकाचं खातं उघडा, संग्रहातला स्ट्रूप स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या.

२. लाल, हिरवा, निळा, पिवळा हे चार शब्द चार रंगांत लिहून १६ चित्रं करा. फाँट एकच, उंची एकच, पार्श्वभूमी काळी. पांढऱ्यावर पिवळा दिसत नाही, ही नेहमीची चूक. चित्रांना मूळ चित्रांचीच नावं दिली की त्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही.

३. चारच चित्रांत शब्द आणि रंग जुळतात, बारांत जुळत नाहीत. जुळणारी चित्रं तीन-तीनदा घ्या, म्हणजे एका फेरीत १२ अधिक १२ असे २४ प्रयत्न होतात. चार फेऱ्यांचे ९६. आधी १६ सरावाचे. अर्धा सेकंद मध्यबिंदू (नजर ठरवायची खूण), अर्धा सेकंद विश्रांती आणि सुमारे पाऊण ते एक सेकंद उत्तर धरलं तर सगळं मिळून चार मिनिटांच्या आत आटपतं.

४. चार कळांवर त्या-त्या रंगाचे छोटे गोल स्टिकर लावा. कुठली कळ कुठल्या रंगाची हे आठवण्यात वेळ गेला तर स्मृती मोजली जाते, अवधान नाही.

५. प्रयोग सायटूलकिटच्याच सर्वेक्षणात जोडून त्याची लिंक द्या. नाव, हजेरी क्रमांक मागू नका. शिक्षकाने चिठ्ठ्या टाकून वाटलेला तीन आकडी संकेतांक पुरे. एफवायच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरापेक्षा लहान व्यक्तीला बालकच मानतो.

हा प्रयोग फोनवर देऊ नका. कळा नसतात, मध्येच फोन येतो, बोट पडद्यावर सरकतं. आयटी लॅबचा एक तास मागून घ्या आणि मुलं येण्याआधी तीन गोष्टी बघा: कीबोर्ड मराठीवरून इंग्रजीवर आणला आहे, कॅप्स लॉक बंद आहे, इतर टॅब आणि अपडेट बंद आहेत. लाल-हिरवा भेद न कळणारा विद्यार्थी असू शकतो. हे सगळ्यांसमोर विचारू नका. ‘ज्यांना रंगांची अडचण आहे त्यांनी वेळ नोंदवण्याचं काम घ्यावं’ असं आधीच कळवा.

आलेल्या आकड्यांचं काय करायचं, इथे बहुतेक वह्या चुकतात. चुकीची उत्तरं काढून टाका. २०० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं अंदाजाने दाबलेली असतात, तीही काढा. वरची मर्यादा ३००० ठेवा आणि ती आकडे बघण्याआधीच ठरवा. मग प्रत्येकाची दोन सरासरी काढा: जुळणारी आणि न जुळणारी.

‘माझा वेग शेजारच्यापेक्षा कमी का?’ हा प्रश्न हमखास येतो. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, शिवाय प्रत्येक कीबोर्डचा स्वतःचा विलंब असतो. समजा एकीचे आकडे ६९० आणि ८०० आले, फरक ११०. तिलाच ४० मिलिसेकंद उशीर करणाऱ्या कीबोर्डवर बसवलं तर ७३० आणि ८४० येतील, फरक तोच ११०. म्हणजे एकाच व्यक्तीच्या दोन स्थितींमधला फरक भरवशाचा, दोन संगणकांवरच्या दोन व्यक्तींची थेट तुलना नाही. प्रयोगाच्या पत्रकात हे उदाहरण छापूनच द्या.

विश्लेषणाला जॅस्प किंवा जामोवी. दोन्ही संख्याशास्त्राची मोफत सॉफ्टवेअर. एका ओळीत एक व्यक्ती, दोन स्तंभांत दोन सरासरी, मग जोडीचा टी-टेस्ट (त्याच व्यक्तींच्या दोन सरासरींमधला फरक तपासणारी कसोटी). अडतं ते छोट्या गोष्टींवर. एक्सेलमध्ये देवनागरी आकडे टाइप केले की ते मजकूर मानले जातात. ‘८०० मिसे’ असं एकक आकड्यासोबत लिहिलं तरी तेच. जॅस्पमध्ये स्तंभाच्या डोक्यावर पट्टीचं चिन्ह नसून तीन गोळे दिसले की समजायचं, आकडा मजकूर झालाय. फाइल साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर मराठी शीर्षकं कचरा होतात. घरी लॅपटॉप नसलेल्यांना जामोवीची ब्राउझरमधली आवृत्ती सांगा.

फोनवर चालणारा प्रयोग हवा असेल तर शब्दस्मरणाचा घ्या. रोजच्या वापरातली पंधरा नामं, दोन-तीन अक्षरी, एकमेकांशी संबंध नसलेली, दर दोन सेकंदाला एक अशी वाचून ३० सेकंदांची ध्वनिफीत करा. ती संपताच दोन मिनिटांत आठवतील ते शब्द फॉर्ममध्ये लिहायचे. यादीतल्या क्रमाप्रमाणे वर्गाचा आलेख काढला की सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द वर उठलेले दिसतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही स्मरणाची चूक धरू नका. ‘नदि’ लिहिलं तरी शब्द आठवलेलाच असतो. फीत मात्र वर्गात, एकदाच वाजवा. घरी दिली की मुलं पुन्हा ऐकतात.

चाचण्या: काय टाकायचं नाही

वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचण्या, रोर्शाक चाचणीचे शाईचे डाग, टीएटीची (चित्र बघून गोष्ट सांगायच्या चाचणीची) चित्रं, विकत घेतलेल्या कुठल्याही चाचणीची प्रश्नपत्रिका किंवा गुणदान किल्ली स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवू नका. कॉपीराइट तर आहेच, पण मोठं कारण वेगळं आहे: प्रश्न बाहेर फुटले की चाचणी निकामी होते, आणि त्याचा फटका उद्या दवाखान्यात तपासणीला आलेल्या माणसाला बसतो. मॅन्युअल ग्रंथालयात, कुलपात.

सरावाला आयपीआयपी वापरा. लुईस गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली व्यक्तिमत्त्व-विधानांची ही पेढी सार्वजनिक मालकीची आहे, तीन हजारांवर विधानं आहेत, परवानगी लागत नाही. वर्गाचे दोन गट करा: एकाने वीस विधानं मराठीत आणायची, दुसऱ्याने मूळ न बघता ती परत इंग्रजीत न्यायची. दोन्ही इंग्रजी ताडून बघताना चाचणी-रचना जितकी कळते तितकी व्याख्यानातून कळत नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली मोफत आहे म्हणून ती गूगल फॉर्मवर टाकून ‘सर्वेक्षण’ करायचा मोह होतो. तिचं नववं विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री अकराला कुणी त्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली आणि फॉर्म तुम्ही पुढच्या सोमवारी उघडला, तर मधल्या दिवसांची जबाबदारी कुणाची? वर्गाच्या सरावात ही मापनी नको. प्रकल्पात घ्यायचीच असेल तर नैतिक समितीची परवानगी, नाव कळण्याची सोय आणि उत्तरं रोज बघणारा माणूस या तीन गोष्टी आधी हव्यात.

क्षेत्रभेटीचंही असंच. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि इथल्या विभागांना भेटीसाठी जवळचं. भेटीआधी एक पान द्या: फोन बाहेर ठेवायचा, रुग्णाचं नाव-गाव वहीत लिहायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. भेटीचे अहवाल उघड्या क्लासरूम प्रवाहात न टाकता शिक्षकाला एकेकट्याने जमा करायला सांगा.

स्वयमचे क्रेडिट, आणि दूरशिक्षणाबद्दलचा गैरसमज

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर नावनोंदणी मोफत, परीक्षेला मात्र शुल्क आणि वेगळी नोंदणी. मुलांचं क्रेडिट बुडतं ते इथेच: अभ्यासक्रम पूर्ण करतात, परीक्षेची नोंदणी राहते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयममधून घेता येतात, पण आपल्या कॉलेजने आणि विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला हवा. क्रम असा ठेवा: जानेवारी आणि जुलैच्या सत्रांआधी विभागाने दोन-तीन अभ्यासक्रम निवडून मान्यता घ्यायची, विद्यार्थ्याने मार्कशीटवरचंच नाव घालून नोंदणी करायची, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या शैक्षणिक खात्याचा क्रमांक) आधी काढून ठेवायचा, परीक्षेच्या नोंदणीची तारीख जबाबदार शिक्षकाने तीनदा कळवायची. नावात ‘राजेंद्र’ आणि ‘आर.’ असा फरक पडला तरी क्रेडिट जुळवताना फेऱ्या माराव्या लागतात.

पालक विचारतात, मग सगळी पदवीच ऑनलाइन का नाही? यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत. ते २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत येतात. एखादा स्वयम अभ्यासक्रम घेणं आणि पूर्ण पदवी दूरस्थ घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, हेही याच पानावर लिहा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘दोन महिन्यांत थेरपिस्ट’ जाहिरातींना तेवढं उत्तर पुरेसं होतं.

रात्री येणारे निरोप

ऑनलाइन वर्ग उघडला की मानसशास्त्राच्या शिक्षकाकडे मनातलं लिहून पाठवणारी मुलं वाढतात. त्यासाठी विभागाने एक उत्तर आधीच ठरवून ठेवावं, ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. उदाहरणार्थ: ‘तुझा मेसेज वाचला. सांगितलंस ते बरं केलंस. आत्ता घरात तुझ्यासोबत कोण आहे? उद्या अकराला विभागात ये, समुपदेशक मॅडमकडे आपण दोघं जाऊ. आज रात्री फारच झालं, जगू नये असं वाटलं, तर लगेच १४४१६ ला फोन कर, मराठीत बोलता येतं.’ १४४१६ ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ११२ आणि घरच्यांना फोन; इथे गोपनीयतेचा विचार मागे पडतो. आणि शिकवणाऱ्याने स्वतः त्या विद्यार्थ्याचा उपचारक व्हायचं नाही. उद्या त्याचीच वही तपासायची असते.

एप्रिलमधलं हस्तांतर

परीक्षा संपल्यावर, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांची शेवटची सही होण्याआधी दोन तास ठेवा. प्रत्येकाने आपल्या पेपरच्या लिंका संस्थेबाहेरच्या खात्यावरून आणि मग विद्यार्थ्याच्या खात्यावरून उघडून बघायच्या: पहिलीकडे बंद दिसल्या पाहिजेत, दुसरीकडे उघडल्या पाहिजेत. खासगी ड्राइव्हवर राहिलेल्या फाइल शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवायच्या. सायटूलकिटचं खातं विभागाच्या ईमेलवर आहे ना, हे बघायचं आणि पासवर्ड बंद पाकिटात ग्रंथपालांकडे द्यायचा. प्रयोगांचा कच्चा डेटा वह्या तपासून झाल्यावर पुसायचा, संकेतांकांच्या चिठ्ठ्या फाडायच्या. जूनमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकासाठी एक कागद: कुठला आठवडा अर्धवट आहे, कुठला व्हिडिओ पुन्हा करायचा आहे, लॅबमधला कुठल्या क्रमांकाचा कीबोर्ड अडतो.